दोन मापं लहान

“मास्तर, तेरा वर्षांच्या मुलीला भेट काय द्यावी हो?”

टेबलावर परिचारिकांच्या गणवेशाचं पांढरं कापड आठ पदरी अंथरलेलं होतं. निळ्या खडूनं बाहीची रेघ ओढता ओढता टेपताईनं हा प्रश्न विचारला, आणि तोही त्या आठवड्यात तिसऱ्यांदा.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. “तिलाच विचार की.”

“विचारलं. ‘काहीही’ म्हणाली.”

“मग काहीही दे.”

“तुम्हाला चेष्टा सुचतेय! बाहुल्या देण्याचं वय गेलं आणि दागिने देण्याचं आलं नाही. पुस्तक दिलं तर म्हणेल, सुट्टीत पण अभ्यास? पिशवी दिली तर म्हणेल, हा रंग आता कोण वापरतं?”

ज्यांच्या घरात बारा ते सोळा वयाचं मूल आहे, त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. मूल लहान असताना साधा चेंडू दिला तरी घर डोक्यावर घेतं. पुढे एक वय असं येतं की भेटीचा कागद फाडताना मूल आधी आपल्या तोंडाकडे बघतं. मोठी सुट्टी जवळ आली की भल्याभल्या आईबापांची झोप उडते ती उगाच नाही.

ही बाई गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटर होती. शाळा, दवाखाने, हॉटेलं, सगळीकडचे गणवेश तिच्या कात्रीखालून जात. माणूस दारातून आत आला की टेप न लावता ती त्याची छाती-कंबर सांगायची आणि एका बोटाचाही फरक पडायचा नाही. म्हणून सगळे तिला टेपताई म्हणत. मास्तर त्या कारखान्यातले सर्वांत जुने शिंपी. सत्तरी ओलांडली होती. आता ते फक्त बिघडलेलं नीट करायचे. घट्ट झालेलं सैल, लांब झालेलं आखूड.

टेपताईला खरं तर भेट कधीच सापडली होती, पण मन खात होतं म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

चार दिवसांपूर्वी लेकीबरोबर बाजारातून येताना एका दुकानाच्या काचेसमोर लेक थबकली होती. आत गडद हिरव्या रंगाचा, कमरेत बसणारा, पाठीला चेन असलेला ड्रेस टांगलेला होता. “आई, खिसे आहेत त्याला! खरे खिसे, हात जाईल एवढे!” असं ओरडून तिनं काचेला नाक लावलं होतं. ही पोर अशीच होती. एखादी गोष्ट आवडली की सगळ्या रस्त्याला कळायची. तिच्या गालांवरून घरात तिला गोलू म्हणत. लाडानं म्हणत. म्हणणाऱ्यांना तो लाडच वाटे.

दुसऱ्या दिवशी टेपताई एकटीच त्या दुकानात गेली. विक्रेत्या मुलीनं माप विचारलं. आपल्या लेकीचं माप टेपताईला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण तिनं त्याच्याहून दोन मापं लहान ड्रेस मागितला.

“बसला नाही तर आठ दिवसांत बदलून घ्या,” मुलगी म्हणाली.

“बदलायचा नाही,” टेपताई म्हणाली. “बसवायचा आहे.”

तिच्या भल्यासाठीच तर करतेय, असं ती वाटेत स्वतःला सांगत राहिली. मुलगी खाते फार, हलते कमी. समोर काहीतरी लक्ष्य असलं की माणूस प्रयत्न करतो. हे सगळं खरंही असेल. पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती मात्र तिनं स्वतःलाही नीट सांगितली नाही. मागच्या सुट्टीत तिची थोरली नणंद सगळ्यांसमोर म्हणाली होती, “अगं, तू एवढी कपड्यातली जाणकार, आणि तुझ्याच पोरीच्या अंगाला एक कपडा धड दिसेना!” ते वाक्य टेपताईच्या मनात वर्षभर काट्यासारखं रुतून बसलं होतं.

सुट्टी लागली की सगळ्यांनी नणंदेकडे जमायचं आणि मोठ्यांनी मुलांना भेटी द्यायच्या, ही त्या घरातली जुनी रीत. त्या रविवारी बाहेरच्या खोलीत सोफा भिंतीला सरकवून जागा केली होती. नणंदेचा पंधरा वर्षांचा मुलगा, धाकट्या दिरांची दोन लहान मुलं आणि टेपताईची लेक गोल करून बसली. भाच्याला त्याच्या आईनं जाडजूड प्रश्नसंचांचा गठ्ठा दिला. तो “थँक्यू” म्हणाला आणि गठ्ठा शेजारी ठेवून त्यावर कोपर टेकून बसला.

मग लेकीनं आपला कागद फाडला.

“खिसेवाला!” ती किंचाळली. उठून तिनं आईच्या गळ्यात हात टाकले, ते असे की टेपताईला दोन पावलं मागे जावं लागलं. “तुझ्या लक्षात राहिलं? आई, तुझ्या लक्षात राहिलं!” आणि ड्रेस छातीशी धरून ती आतल्या खोलीत पळाली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

“काय गं, अडकलीस की काय आत?” नणंदेनं हाक मारली.

दार उघडलं. लेक बाहेर आली ती एक हात पाठीमागे धरून. चेन अर्ध्यावर थांबली होती, काखेत कापड ताणलं होतं, तोंड लाल झालं होतं. तरी दुसरा हात खिशात घालून ती हसत उभी होती.

“थांब, मी लावते,” म्हणत नणंद मागे गेली. “श्वास आत घे. अजून घे. अगं, अजून!”

लहान मुलं खुदखुदायला लागली. लेकीचे वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. त्यांना वाटलं, आपण काहीतरी गमतीचं बोलून वेळ मारून न्यावी. ते म्हणाले, “आमच्या लिफ्टमध्ये पाटी असते बघ, मर्यादेपेक्षा जास्त भार झाला की घंटा वाजते!”

सगळे खो खो हसले. टेपताईही हसली.

लेकीनं आईकडे पाहिलं. “आई, माप चुकलं का गं?” तिनं विचारलं. आवाज अगदी हलका होता. होय म्हण, एवढंच ती मागत होती. होय, चुकलं, उद्या बदलून आणू. एवढ्यानं सगळं निभावलं असतं.

पण नणंद बोलली, “तिचं? आणि माप चुकेल?”

आणि टेपताईच्या तोंडून निघून गेलं, “चुकलं नाही, मुद्दामच आणलाय. सुट्टीत थोडी कमी केलीस ना, की बघ कसा बसतो ते!”

वाक्य तोंडाबाहेर पडलं आणि लहान मुलं पुन्हा खुदखुदली. मग लेकही हसली. सगळ्यांचं हसून झाल्यावर ती एकटीच हसली, आणि चेन धरून परत आत गेली.

त्या दिवसापासून ती शहाण्यासारखी वागायला लागली. निदान टेपताईला तसं वाटलं. दुसऱ्यांदा वाढून घेणं बंद झालं. सकाळी “भूक नाही” ऐकू येऊ लागलं. एरवी ही पोर जेवताना कारखान्यातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून हसवायची, ते थांबलं. ते टेपताईच्या लक्षात आलं नाही, कारण ती दुसरीच गोष्ट बघत होती. ड्रेस तिनं मुलीच्या कपाटाच्या दाराला बाहेरच्या बाजूनं टांगून ठेवला होता. नजरेसमोर राहिला की आठवण राहते! आणि ती लेकीची पाठ थोपटून म्हणायची, “आता कशी! ठरवलं की जमतं.”

सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. लेक त्यांच्या खांद्याला धरून उभी होती. जिन्यात तिला चक्कर आली होती. टेपताईनं तिला पंख्याखाली बसवलं, लिंबाचं सरबत करायला घेतलं. साखरेचा पहिला चमचा घातला. दुसरा घालताना तिचा हात क्षणभर थांबला.

तो क्षण तिला पुढे कधीही विसरता आला नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी ड्रेस कपाटाच्या दारावरून नाहीसा झाला. आत ठेवला असेल, असं तिला वाटलं. कामाची घाई होती. एका दवाखान्यात जाऊन चाळीस परिचारिकांची मापं घ्यायची होती. दुपारी ती थकून कारखान्यात परतली, आणि तिच्या टेबलावर तो हिरवा ड्रेस उलटा करून अंथरलेला होता.

मास्तर पलीकडे काजं करत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

टेपताईनं ड्रेस हातात घेतला. काखेपासून घेरापर्यंत दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या होत्या. पण त्या मास्तरांनी उसवल्या नव्हत्या. मास्तरांची उसवण अशी नसते. टाका टाका मोजून, कुठे कापडाला भोक पाडत, कुठे धागा तोडत, नवशिक्या हातानं केलेलं काम होतं ते. आत वाढवायला जास्तीचं कापड सापडेल, या आशेनं कोणीतरी शिवण उघडली होती. तयार कपड्यात असं कापड सोडलेलं नसतं, हे त्या हाताला ठाऊक नव्हतं. आता तिथे दोन्ही बाजूंना हिरव्याच रंगाच्या लांब कळ्या, म्हणजे जोडपट्ट्या, कच्च्या टाक्यांनी लावलेल्या होत्या. तो हात मात्र मास्तरांचा. कळ्या इतक्या बेमालूम होत्या की ड्रेस सुलटा केल्यावर कोणाला पत्ता लागला नसता.

“हे तुमच्याकडे कोणी आणलं?” तिनं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

“मी सांगणार नाही. शब्द दिलाय.”

“मास्तर!”

“सांगणार नाही असा शब्द दिलाय. दाखवणार नाही असा नाही दिला,” मास्तर म्हणाले. “तू कटर आहेस. कपडा वाचता येतो तुला. वाच.”

ती बराच वेळ कळ्यांवरून बोट फिरवत राहिली. मग तिची नजर गळ्याच्या पट्टीकडे गेली. मापाच्या आकड्याची छोटी चिठ्ठी तिथेच होती. एरवी मास्तर कपडा वाढवला की जुन्या मापाची चिठ्ठी काढून टाकत. हा त्यांचा नियमच होता.

“ही का ठेवलीत?”

मास्तरांनी सुई खाली ठेवली. “गिऱ्हाइकानं एवढंच मागितलं. म्हणालं, कपडा मोठा करा, पण गळ्यातला आकडा तसाच राहू द्या.”

टेपताईनं चिठ्ठीवरचा आकडा पुन्हा वाचला.

तिला सगळं दिसलं. सुट्टी संपताना एके दिवशी लेक तो ड्रेस घालून समोर आली असती. चेन वरपर्यंत लागली असती. आईनं गळ्यातला आकडा पाहिला असता आणि खूश झाली असती. पोरीला बारीक व्हायचं नव्हतं, खिसेही नको होते. तिला फक्त आईला जिंकू द्यायचं होतं! त्यासाठी ती उपाशी राहिली, आणि उपाशी राहून जमेना तेव्हा उसवायला बसली.

“मी तिच्या भल्यासाठी केलं हो,” ती कशीबशी म्हणाली.

“असेल.”

“तुम्हाला नाही वाटत, मुलांना थोडं वळण लावायला हवं?”

“वळण लावायला वर्षभर आहे. बरोबर फिरायला जा, घरात शिजवताना विचार कर, पोहायला ने. कोण नको म्हणतंय? पण भेटीच्या कागदात गुंडाळून?” मास्तर उठून तिच्या टेबलापाशी आले. “इतकी वर्षं आपण दोघं मापं घेतोय. सुटलेलं पोट घेऊन माणूस येतो, वाकलेली पाठ घेऊन येतो. कोणाला आपण म्हणालो का, आधी सरळ हो, मग सदरा शिवतो? जसा आहे तसा तो उभा राहतो आणि आपण कपडा त्याच्यासारखा करतो. परक्या माणसाचा एवढा मान ठेवतेस. मग घरच्या पोरीनंच काय घोडं मारलंय?”

टेपताई ड्रेसची घडी घालायला लागली.

“मी तुला शिकवायला लागलो, पण मी तरी कुठला शहाणा?” मास्तर हळू आवाजात म्हणाले. “माझा मुलगा चौदाचा होता. त्याला तबला हवा होता. मी त्याला शिवणयंत्र दिलं. नवं कोरं, वरून रिबीन बांधून. तोही थँक्यू म्हणाला. मला वाटलं, मी भेट दिली. मी हुकूम दिला होता, बाई. आता वर्षातून दोनदा फोन येतो त्याचा. तब्येत विचारतो. बाकी बोलायला काही राहिलं नाही.”

“मग मी आता काय करू?”

“माफी माग. दुसरं काय?”

“मागते. आज घरी गेले की लगेच—”

“घरी?” मास्तरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “हसलात चारचौघांत, आणि माफी कोपऱ्यात?”

घरी जाताना वाटेत टेपताईला भेटीच्या त्या रविवारचं काही ना काही आठवत राहिलं. गळ्यात पडलेले हात. “तुझ्या लक्षात राहिलं?” तो आनंद. आणि सगळ्यात जास्त तो हलका प्रश्न, माप चुकलं का गं? पोरीनं भर बैठकीत आईला सुटायला वाट करून दिली होती. तेरा वर्षांच्या मुलीला जे सुचलं, ते चाळिशीच्या बाईला सुचलं नाही. चूक पोरीनं झाकायला घेतली होती, आणि आईनं पोरीलाच उघडं पाडलं होतं.

लेक पलंगावर पालथी पडून वहीत काहीतरी गिरगटत होती. आईच्या हातात हिरवा ड्रेस दिसताच ती ताडकन उठून बसली.

“मास्तरांनी सांगितलं! ते म्हणाले होते सांगणार नाही!”

“त्यांनी नाही सांगितलं. मी टाके बघितले.”

“तू सगळंच बघतेस!” लेकीचा आवाज चढला. “मी किती खाते ते बघतेस, किती वेळ बसते ते बघतेस. आणि दारात कोणी आलं की तुला त्याचं माप कळतं. माझं कळलं नाही? तुला माहीत होतं, आई! तुला बरोबर माहीत होतं!”

“हो,” टेपताई म्हणाली. “माहीत होतं.”

लेकीनं पलंगावरची वही मिटली. आई काहीतरी कारण सांगेल, तिची समजूत काढेल, असं तिला वाटलं असावं. भांडायला तिनं शब्द तयार ठेवले होते, पण समोर कोणी भांडेना.

“माप चुकलं नव्हतं, मीच चुकले,” टेपताई म्हणाली. “तुझ्या आत्यानं मला टोमणा मारला होता. तो मला लागला, आणि मी तो तुझ्या अंगावर चढवला. तू मला विचारलंस तेव्हा मी हो म्हणायला हवं होतं. मी हसले.”

लेक म्हणाली, “बाबा पण हसले.”

“हो.”

“आणि मला गोलू म्हणू नका. मला नाही आवडत. कधीच नाही आवडलं.”

“नाही म्हणणार.”

वडील दारातच उभे होते. कधी आले कोणालाच कळलं नव्हतं. तेलकट हात तसेच लोंबत ठेवून ते म्हणाले, “ती लिफ्टची गंमत... मी उगाच बोललो गं. मला वाटलं, सगळे हसले की तुला पण हलकं वाटेल.” आणि मोठा माणूस असून ते शाळकरी मुलासारखे खाली बघत राहिले.

त्या रात्रीच्या जेवणात काही चमत्कार झाला नाही. लेक अर्धं जेवून उठली. दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी तपासलं आणि आईला चांगलं सुनावलं. “वाढीचं वय आहे, अंग आधी भरतं, मग उंची वाढते. तिला पोटभर जेऊ द्या, भरपूर खेळू द्या. आणि हे उपासतापास कोणाच्या डोक्यातून निघाले?” टेपताईनं हात वर केला. एखाद्या विद्यार्थिनीसारखा तिनं खरंच हात वर केला.

सुट्टी संपायच्या आधीच्या रविवारी पुन्हा नणंदेकडे जमायचं होतं. आदल्या दिवशी टेपताईनं लेकीला विचारलं, “मला तिथे सगळ्यांसमोर माफी मागायची आहे. चालेल का तुला?”

लेक एकदम ताठ झाली. “म्हणजे परत सगळे माझ्याकडे बघणार? परत माझं वजन?”

टेपताई चपापली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. माफीसुद्धा ती आपल्याच मापानं कापायला निघाली होती! “मग नको,” ती म्हणाली. “तू म्हणशील तसं.”

लेकीनं जरा विचार केला. “बोल,” ती म्हणाली. “पण माझ्याबद्दल नको बोलूस. तुझ्याबद्दल बोल.”

आणि टेपताई बोलली. जेवणं झाली होती, नणंद फळं चिरत होती. टेपताई उभी राहिली.

“मागच्या वेळी इथे मी एक वाईट गोष्ट केली,” ती म्हणाली. “मी आणलेली भेट ही भेट नव्हती. लोकांनी मला नावं ठेवू नयेत म्हणून मी ती आणली होती. मला विचारलं तेव्हा मी खोटी हुशारी दाखवली आणि हसले. मला त्याची लाज वाटते. माझी लाज वाटते. तुम्हा सगळ्यांसमोर केलं, म्हणून तुमच्यासमोर सांगतेय.”

शेवटच्या शब्दांना तिला रडू फुटलं. नणंदेची सुरी फळात अडकून राहिली. “अगं, एवढं काय त्यात!” ती सावरून म्हणाली. “आपण काय पोरांचं वाईट चिंततो? आमच्या वेळी तर...”

“आई,” तिचा मुलगा मध्येच बोलला. “मला पण बोलायचंय.”

“तुझं काय आता?”

“गेली तीन वर्षं मला सुट्टीत प्रश्नसंच मिळतात.”

“अरे, पण तू दर वेळी थँक्यू म्हणतोस!”

“मग काय म्हणणार?” तो म्हणाला. “मागच्या वर्षीचे अजून कागदात आहेत. मी उघडलेच नाहीत.”

धाकटी मुलं फिसकन हसली, मग लेकीचे वडील हसले, आणि शेवटी नणंदेलाही हसू आवरेना. या हसण्यानं कोणी दुखावलं नाही. पण हसता हसता नणंदेचे डोळे भरून आले. ती मुलाकडे अशी बघत राहिली, जणू पंधरा वर्षांत तो आज पहिल्यांदा घरी आला होता. “तुला हवं तरी काय होतं रे?” तिनं विचारलं. हे विचारायला तिला तीन वर्षं लागली!

मग ती टेपताईकडे वळली. “वहिनी, तो टोमणा माझा होता. मला आठवतोय. मी बोलून मोकळी झाले, आणि तो फिरत फिरत पोरीपर्यंत गेला.”

लेक कोपऱ्यात बसून फळ खात होती. तिनं मान वर केली नाही. जिना उतरताना मात्र ती आईच्या बरोबरीनं चालत म्हणाली, “तू शेवटी रडायला लागलीस, ते नाही आवडलं मला. पण तुझ्याबद्दलच बोललीस. ते बरं केलंस.”

सगळं तिथेच मिटलं, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. लेकीनं तो हिरवा ड्रेस घातला नाही. “मला तो बघितला की तो रविवार आठवतो,” ती म्हणाली, आणि आईनं तो मुकाट्यानं दुसऱ्या एका मुलीला देऊन टाकला. कितीतरी दिवस कोणी ताटात वाढायला लागलं की लेक आधी आईच्या चेहऱ्याकडे बघायची. ती नजर टेपताईच्या काळजात जायची. एकदा उसवलेलं कापड कितीही नीट शिवलं तरी टाक्यांची भोकं दिसतात, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला कारखान्यात गणवेशाच्या मापांची गर्दी झाली. एक बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. टेपताईनं कमरेला टेप लावला तशी ती बाई म्हणाली, “एक माप लहानच लिहा हो. जरा घट्ट झाला की सुटेल हिची खायची सवय.”

मुलीनं मान खाली घातली.

टेपताईनं पेन्सिल खाली ठेवली. गिऱ्हाईक जाईल, मालक ओरडेल, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. “नाही बाई, मी खोटं माप लिहीत नाही,” ती म्हणाली. “एकदा लिहिलं होतं. माझ्याच मुलीचं. तुम्हाला वेळ असेल तर बसा, सांगते.”

आणि तिनं सांगितलं. स्वतःबद्दलच सांगितलं. ती बाई आधी रागानं ऐकत होती, मग नुसतीच ऐकत होती. शेवटी तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “आहे तेच लिहा.”

वाचकहो, बारा-तेरा वर्षांचं मूल रोज आरशासमोर उभं राहून स्वतःला एकच प्रश्न विचारत असतं, मी बरा आहे ना? मी बरी आहे ना? आपण दिलेली प्रत्येक भेट ही त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर असते. मुलांना सुधारायचं असेल तर त्यांच्या बरोबर चाला, बरोबर शिका, त्यांच्याशी बोला. पण रंगीत कागदात आपली तक्रार, आपली हौस किंवा लोकांनी मारलेला टोमणा गुंडाळून देऊ नका. मुलं तो कागद उघडतात, थँक्यू म्हणतात आणि आत काय होतं ते आयुष्यभर विसरत नाहीत. भेट द्यायची तर आज जे मूल आपल्या घरात आहे, त्यालाच द्या!